घर चालवणारा माणूस

सोलमधलं एक घर १९९९ साली लॉस एंजेलिसला गेलं. माणसं घर सोडून गेली असं नव्हे, घरच गेलं. भिंती, दारं, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं मूळ मापाबरहुकूम. सुमारे बारा फूट उंच, वीस फूट लांब आणि तेवढंच रुंद. प्रवासात त्याची घडी घालता आली, कारण ते रेशमाचं होतं. हिरवट निळ्या, पाण्यासारख्या आरपार दिसणाऱ्या रेशमाचं. लॉस एंजेलिसच्या कोरियन सांस्कृतिक केंद्रात ते छताला टांगण्यात आलं आणि लोक त्याच्याखाली उभे राहून वर, म्हणजे घराच्या आत, बघू लागले.

शिल्पकाराने त्याला नाव दिलं होतं ‘सोल होम / एल. ए. होम’. पुढे ते न्यूयॉर्कला गेलं तेव्हा नावात न्यूयॉर्कची भर पडली. मग बाल्टिमोर, लंडन, सिअ‍ॅटल. जिथे मुक्काम पडेल त्या गावाचं नाव जोडत जायचं. बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या लोखंडी ट्रंकेवर एकाखाली एक गावं रंगवलेली असत, तसं हे नाव लांबत गेलं.

या शिल्पकाराचं नाव दो हो सू. सू हे आडनाव. कोरियन रीतीने म्हणायचं तर सू दो हो. जन्म १९६२चा, सोलचा. शिल्पकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छिन्नी-हातोडा येतो, ब्राँझचा रस येतो, चौकातला घोड्यावरचा वीर येतो. सूंची हत्यारं म्हणजे मोजपट्टी, सुई आणि पेन्सिल. २००१ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी कोरियाचं प्रतिनिधित्व केलं. २०२५च्या मे ते ऑक्टोबरमध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाचा मुख्य विषय फारसा बदललेला नाही. घर सोडलं की घराचं काय उरतं, आणि ते कुठे उरतं?

हा प्रश्न माझ्या पिढीच्या माणसाला परका वाटण्याचं कारण नाही. मी बँकेत अधिकारी होतो. दर तीन वर्षांनी बदली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आमच्याकडे पाहूनच कुणी तरी केली असावी. शिवाय गृहकर्जाच्या निमित्ताने दुसऱ्यांची घरं मोजण्यात माझी निम्मी नोकरी गेली. तेव्हा मोजपट्टी घेऊन घरोघर हिंडणाऱ्या या माणसाबद्दल मला प्रथम वाटली ती व्यवसायबंधूबद्दल वाटावी तशी आपुलकी. पण तो काय मोजतो आणि आम्ही काय मोजत होतो, यातलं अंतर पुढे लक्षात आलं. त्याबद्दल थोड्या वेळाने. आधी त्या मूळ घराची कथा.

सूंचे वडील सू से-ओक हे कोरियातले नामवंत चित्रकार. शाई आणि कुंचल्याच्या जुन्या परंपरेत त्यांनी आधुनिक चित्रं काढली. २०२० साली ते वारले. १९७०च्या दशकात त्यांनी सोलमध्ये स्वतःसाठी घर बांधायला घेतलं. तो काळ ध्यानात घ्यायला हवा. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता. नंतर १९५० ते १९५३चं युद्ध. त्या युद्धात सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. जे वाचलं ते पुढे विकासाच्या घाईत पडू लागलं. उंच उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि जुनी लाकडी घरं अडगळ ठरत होती. अशा वेळी या चित्रकाराने हट्टाने जुन्या धाटणीचं घर बांधलं. राजवाड्यातल्या जुन्या इमारतींमधून निघालेलं लाकूड मिळवलं, पारंपरिक काम जाणणारे सुतार लावले आणि घर उभं केलं.

अशा घराला कोरियात हानोक म्हणतात. आपल्याकडच्या वाड्याची आठवण यावी असे लाकडी खांब, वर तुळया, त्यावर कौलं. खांब-तुळया एकमेकींत खाचा करून अडकवलेल्या. खिळ्यांचं काम जवळजवळ नाही. दारं-खिडक्यांच्या लाकडी जाळ्यांना हाताने बनवलेला कागद चिकटवलेला, त्यातून उजेड झिरपत येणार. जमिनीखालून चुलीची ऊब खेळवलेली. या रचनेला ओंदोल म्हणतात. थंडीत सगळं कुटुंब त्या गरम जमिनीवरच बसतं, जेवतं, झोपतं.

आता यातली गंमत पाहा. से-ओक यांनी नमुना म्हणून निवडलं ते सोलच्या चांगदोक राजवाड्याच्या बागेतलं यॉनग्यॉंगदांग नावाचं घर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधलं गेलं, आणि त्याची धाटणी आहे राजवाड्याबाहेरच्या विद्वान सरदाराच्या घराची. म्हणजे राजाच्या बागेत प्रजाजनाच्या घराची प्रत, तिची पुन्हा प्रत चित्रकाराने काढली, आणि त्या प्रतीची रेशमी प्रत त्याच्या मुलाने शिवली. ज्याला आपण ‘मूळ घर’ म्हणून उराशी धरतो तेही कुणाच्या तरी आठवणीवरून बेतलेलं असतं. मला हे फार दिलासा देणारं वाटतं.

मुलगा या घरात वाढला. दाराच्या आत एक शतक, दाराबाहेर दुसरं. सोल राष्ट्रीय विद्यापीठात तो वडिलांच्याच वाटेने पौर्वात्य चित्रकला शिकला, प्रत्येक कोरियन तरुणाला करावी लागते ती लष्करी सेवा त्याने केली, आणि १९९१ साली अमेरिकेला गेला. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावी कलाशाळेत पुन्हा पदवीपासून सुरुवात, मग येल विद्यापीठात शिल्पकला. मोठ्या बापाच्या सावलीतून बाहेर पडायला काही जणांना समुद्र ओलांडावा लागतो.

रेशमी घराची कल्पना कशी सुचली, हे सूंनी मुलाखतीत सांगितलं आहे, आणि ते कारण अगदी साधं आहे. त्यांना झोप येत नव्हती. न्यूयॉर्कमध्ये ते राहत त्या खोलीसमोर अग्निशामक दलाचं ठाणं होतं. रात्रभर घंटा आणि भोंगे. अंथरुणावर पडल्या पडल्या ते आठवू लागले, आपल्याला शेवटची गाढ झोप कधी लागली होती? उत्तर आलं, सोलच्या घरातल्या आपल्या छोट्या खोलीत. मग ती खोलीच इथे आणता येईल का? गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन फिरते, तसं ते सामानातून नेता आलं तर?

हा विचार आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आलेला असतो. परगावच्या पहिल्या रात्री येतो, आणि सकाळी चहाबरोबर विरून जातो. सूंनी तो विरू दिला नाही. आधी आपल्या राहत्या जागेची मापं घेऊन साध्या मलमलीवर प्रयोग केला. मग सोलला जाऊन वडिलांच्या घराचा कोपरा न् कोपरा मोजला. कापड शिवायचं तर कोरियन पोशाखाची जुनी शिवण यायला हवी, आणि ती जाणणारे कारागीर थोडेच उरलेले. त्यांना शोधून काढायला मदत केली ती आईने. बापाने बांधलेलं घर लेकाने आईच्या मदतीने शिवलं. रंगही असाच घरातून उचललेला. जुन्या कोरियन घरात छताला आकाशाच्या रंगाचा कागद लावण्याची पद्धत होती. तोच हिरवट निळा रंग त्या रेशमाला आला.

आता मोजण्याबद्दल. बँकेत कर्जाच्या फाइलला मूल्यांकनाचा अहवाल जोडलेला असे. किती चौरस फूट, कितवा मजला, बांधकामाचं वर्ष, इमारतीचं उरलेलं आयुष्य, घसारा. घर जितकं जुनं तितकी त्याची किंमत कमी, हा त्यातला पहिला नियम. त्या अहवालात दाराच्या कडीची नोंद नसे. जिन्याच्या कठड्याला हात कुठे लागतो, कुठली फरशी पावलाखाली हलते, देवळीची खोली किती, हे रकानेच नव्हते. नसणारच. बँकेला पैसे बुडाले तर विकून वसूल होईल तेवढंच घर हवं असतं. सू नेमकं उलट मोजतात. जे विकता येत नाही तेवढंच. त्यांच्या कापडी घरांत विजेचं बटण असतं, बिजागरी असते, दाराची मूठ असते, भिंतीतला दूरध्वनीचा खटका असतो, आणि हे सगळं टाक्याटाक्याने शिवलेलं. त्यांच्या नियमाने घर जितकं वापरलेलं तितकं मोलाचं.

न्यूयॉर्कमधल्या पश्चिम बाविसाव्या रस्त्यावरच्या ३४८ क्रमांकाच्या घरात ते १९९७मध्ये भाडेकरू म्हणून राहायला आले आणि जवळजवळ दोन दशकं ती जागा त्यांच्याकडे होती. ती सगळी जागा, तिचा व्हरांडा, जिना त्यांनी वेगवेगळ्या रंगांच्या तलम पॉलिएस्टरमध्ये शिवून काढला. शीतकपाट, शेगडी, आंघोळीचा टब, शौचकूप, खोली गरम ठेवणारी लोखंडी जाळी यांच्याही कापडी प्रतिकृती केल्या. ऐकताना हसू येतं. पण काचेच्या पेटीत, दिव्याच्या उजेडात लोंबणारी ती निळीलाल शेगडी बघताना हसू येत नाही. घरातून माणूस गेल्यावर त्याचा सदरा खुंटीवर तसाच लटकत राहावा, तशी ती दिसते.

पुढे घरमालक वारले आणि जागा सोडायची वेळ आली. तेव्हा सूंनी निरोपाची आणखी एक रीत शोधली. घरातल्या प्रत्येक पृष्ठभागावर, भिंतीवर, कपाटावर, नळावर, कागद चिकटवायचा आणि त्यावरून रंगीत पेन्सिल घासत न्यायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण छाप काढत असू, तोच खेळ. फक्त इथे नाणं म्हणजे अख्खं घर. लाकडाच्या रेषा, रंगाचे पोपडे, खिळ्याचं भोक, सगळं कागदावर उमटतं. या मालिकेचं नाव ‘रबिंग / लव्हिंग’. इंग्रजीत एक शब्द घासण्याचा, दुसरा प्रेमाचा. कोरियन लिपीत ‘र’ आणि ‘ल’ यांना एकच अक्षर, आणि ‘व’ऐवजी ‘ब’, त्यामुळे हे दोन्ही शब्द अगदी एकसारखे लिहिले जातात. भाषेने आयती दिलेली ही कोटी त्यांनी उचलली. खरंच आहे, एखाद्या वस्तूवरून रोज हात फिरवणं आणि तिच्यावर माया करणं यात फरक तो किती? आपल्याकडची आजी पितळी डबा चिंचेने घासते तेव्हा ती नक्की काय करत असते?

सोलच्या वडिलांच्या घराचाही त्यांनी असाच ठसा घेतला. कोरियन कागदाने सगळं घर बाहेरून मढवलं, त्यावर शिसं घासलं, आणि कागद तसाच कित्येक महिने उन्हापावसात ठेवला. २०१३ साली सुरू झालेलं हे काम २०२२मध्ये पुरं झालं. त्या दरम्यान वडील गेले. टेटमध्ये ते कागदी घर उभं होतं. पिवळसर, डागाळलेलं, ऋतू अंगावर घेतलेलं. रेशमी घर तरुण मुलाने झोपेसाठी शिवलेलं. हे कागदी घर साठीच्या मुलाने निरोपासाठी केलेलं.

मात्र सूंचं काम म्हणजे घरच्या आठवणींनी भरून आलेला गळा, एवढंच समजलं तर मोठी गोष्ट सुटेल. आठवण ही काही वेळा सरकारला नको असलेली वस्तू असते. मे १९८०मध्ये ग्वांग्जू शहरात लष्करी राजवटीविरुद्ध लोक उठले. सैन्याने तो उठाव चिरडला, अनेक नागरिक मारले गेले, आणि वृत्तपत्रांवर इतका कडक पहारा होता की उरलेल्या देशाला नीट काही कळलंच नाही. सू तेव्हा अठरा वर्षांचे. २०१२मध्ये ग्वांग्जूच्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी तिथल्या जुन्या नाट्यगृहाच्या कर्मचाऱ्यांची एक राहती खोली निवडली. भिंतींवर कागद लावला आणि त्यांनी व मदतनिसांनी डोळ्यांवर पट्ट्या बांधून तो घासला. दिसत नाही, फक्त बोटांना लागतं. ज्यांना बघू दिलं गेलं नाही, त्यांनी चाचपून वाचायचं. घराची भिंत इथे साक्षीदार होते.

एक माणूस आणि समूह यांच्यातली ही ओढाताण त्यांच्या सुरुवातीच्या कामांतही आहे. शाळेचा गणवेश, मग लष्कराचा गणवेश, अशा देशात वाढलेल्या माणसाला ‘मी’ किती आणि ‘आम्ही’ किती हा प्रश्न पडणारच. सैनिकांच्या गळ्यात नाव-क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले असतात. तसले असंख्य बिल्ले जोडून त्यांनी २००१मध्ये एक भव्य चिलखत केलं. बिल्ल्यांचा घोळ जमिनीवर दूरवर पसरलेला. चिलखत आतून रिकामं, आत आरसे. डोकावलं की आपणच दिसतो. ‘फ्लोअर’ नावाच्या कामात काचेच्या जमिनीवरून चालायचं. खाली पाहावं तर बोटभर उंचीच्या लाखाहून अधिक माणसांनी हात वर करून ती काच पेलून धरलेली. आणि ‘पब्लिक फिगर्स’मध्ये मोठा थोरला चौथरा आहे, पण वर पुतळाच नाही. चौथऱ्याखाली शेकडो लहान माणसं तो उचलून निघाली आहेत. २०२४मध्ये हे शिल्प वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आशियाई कला संग्रहालयासमोर उभं राहिलं. घोड्यावरच्या वीरांच्या शहरात वीराची जागा रिकामी ठेवणारा चौथरा!

परदेशी गेलेल्या माणसाची फजिती त्यांनी जेवढी खेळकरपणे मांडली तेवढी क्वचितच कुणी मांडली असेल. त्यांनी एक कथाच रचली. वादळाने सोलचं घर उचललं, प्रशांत महासागर ओलांडून प्रॉव्हिडन्सच्या त्यांच्या बिऱ्हाडावर नेऊन आदळलं. या टकरीची एक-पंचमांश मापातली प्रतिकृती आहे. अमेरिकन घराची भिंत फोडून कौलारू घर आत घुसलंय आणि मागे हवाई छत्री लोंबते आहे. २०१०मध्ये लिव्हरपूलच्या एका रस्त्यावर दोन इमारतींच्या फटीत त्यांनी एक कोरियन घर तिरकं अडकवून ठेवलं. २०१८मध्ये लंडनच्या गजबजलेल्या व्यापारी भागात, रस्त्यावरच्या पादचारी पुलावर, बांबूच्या झाडांसकट दुसरं घर येऊन पडलं. आणि २०१२पासून कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात, अभियांत्रिकीच्या उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेला एक छोटं निळं घर अधांतरी कललेलं आहे. आत कुटुंबाचे फोटो, बैठक, बाहेर चिमुकली बाग. पण जमीन एका कोनात आणि भिंती दुसऱ्या कोनात, त्यामुळे आत शिरणाऱ्याला गरगरतं. परमुलुखात पाय टेकल्यावर पहिली काही वर्षं हेच होतं. सगळं घरासारखं असतं, फक्त तोल राहत नाही.

टेटचं प्रदर्शन मी पाहिलं ते मुलीबरोबर. ती सात वर्षं लंडनला आहे आणि सात वर्षांत तिने पाच भाड्याच्या जागा बदलल्या. पहिल्या दालनात रंगीत तलम कापडांची लांबच लांब गल्ली होती. सूंनी जिथे जिथे वास्तव्य केलं तिथल्या मधल्या जागा, व्हरांडे, दारालगतचे बोळ, एकाला एक जोडून केलेली. आपण एका शहरातल्या दारातून आत जातो आणि दुसऱ्या शहरातल्या दारातून बाहेर पडतो. भिंतीपलीकडून चालणारी माणसं धूसर दिसतात. निळ्यातून पाहिलं की निळी, गुलाबीतून पाहिलं की गुलाबी.

पुढे ‘परफेक्ट होम’ होतं. सूंच्या लंडनच्या घराचा पांढरा पारदर्शक सांगाडा, आणि त्याच्या भिंतींवर त्यांच्या सगळ्या जुन्या घरांतली बटणं, मुठी, कड्या, प्रत्येक घराचा वेगळा रंग. ज्या उंचीवर ती मूळ घरात होती, त्याच उंचीवर. त्यामुळे एकाच भिंतीवर पाच-सहा शहरांची बटणं दाटीवाटीने आलेली. मी पाहत होतो. शेजारी मुलीचा हात वर गेला आणि हात लावू नये हे आठवून हवेतच थांबला. म्हणाली, “बाबा, आपल्या क्वार्टरमधलं बाथरूमचं बटण आठवतं? शॉक द्यायचं ते?” ते घर आम्ही सोडलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्या गावची शाळा, शेजारी, तिची मैत्रीण, तिला काही म्हणजे काही आठवत नाही. बटण आठवतं. त्याची उंचीसुद्धा. तिला टाच उंचावावी लागायची ना!

त्या पांढऱ्या घरात उभं असताना मला सूंचं म्हणणं कळलं. घर डोक्यात नसतं. हातापायांत असतं. अंधारात उठल्यावर माठापर्यंत न धडपडता जाणाऱ्या पावलांत असतं. म्हणून तर ते नवीन जागी काही दिवस आडवं येत राहतं. आपण डावीकडे बटण चाचपतो, ते उजवीकडे असतं. हा जुन्या घराचा निरोप असतो, आणि आपण त्याला विसरभोळेपणा म्हणतो.

या प्रदर्शनाचं नाव होतं ‘वॉक द हाऊस’. घर बांधताना सुतारांच्या तोंडून लहानपणी ऐकलेला शब्दप्रयोग सूंनी त्यासाठी घेतला. हानोकचे सांधे सोडवले की घर सुटं होतं, ते दुसऱ्या जागी नेऊन पुन्हा उभं करता येतं. याला कोरियन सुतार घराला चालवणं म्हणतात. हे वाचलं आणि मी थबकलो. आपल्या भाषेत ‘घर चालवणं’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. महिनाअखेर जुळवणं, पाहुणा आला तर भात वाढवणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं. घर चालवतात ते बहुधा बायका, आणि त्याची नोंद बहुधा कुठेच नसते. कोरियन सुताराचा अर्थ वेगळा, आपला वेगळा. पण दोन्ही भाषांना एक गोष्ट ठाऊक आहे, की घर ही उभी राहिलेली वस्तू नव्हे. ते चाललं तरच घर.

आमच्या बत्तीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे. बिल्डरचा माणूस आला आणि लेझरच्या यंत्राने वीस मिनिटांत आमचा फ्लॅट मोजून गेला. आकडा बरोबर होता. चुकला असता तर मला कळलं असतं. तो गेल्यावर मी कपाटातली जुनी कापडी फीत काढली आणि माझ्या पद्धतीने मोजायला बसलो. ओट्याची उंची. खिडकीच्या गजांमधलं अंतर. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या मुलीच्या उंचीच्या खुणा, जमिनीपासून कितीव्या इंचावर. बायको दारात उभी राहून म्हणाली, “आता कुठलं कर्ज काढायचंय?” मग तिनेच फितीचं दुसरं टोक धरलं आणि एक माप सांगितलं. तुळशीच्या कुंडीपासून तिच्या खुर्चीपर्यंत. ते माझ्या यादीत नव्हतं. त्या वहीचं पुढे काय करायचं हे आम्ही ठरवलेलं नाही. संमतिपत्रावर सह्या झाल्या आहेत. नवीन जागा मोठी आहे, उद्वाहन आहे, गुडघ्यांना बरं पडेल. मी रडगाणं गात नाही. पडणाऱ्या घराला बँकेच्या भाषेत फक्त ‘शून्य अवशिष्ट मूल्य’ म्हणतात, ते मात्र आता मला मान्य नाही.

सूही घरं वाचवण्याची मोहीम चालवत नाहीत. इमारती पडणार हे ते धरून चालतात. लंडनमधली रॉबिन हूड गार्डन्स ही कामगारवस्तीची प्रसिद्ध इमारत पाडली जात होती तेव्हा त्यांनी तिथल्या राहत्या आणि रिकाम्या घरांतून कॅमेरा संथपणे फिरवून फिल्म केली. पाडू नका असं ती फिल्म म्हणत नाही. नीट पाहून घ्या, एवढंच म्हणते.

आता ते पत्नी आणि दोन मुलींसह लंडनमध्ये राहतात. सोल, न्यूयॉर्क, लंडन ही त्यांची तीन शहरं. अनेक वर्षं ते एक प्रश्न सोडवत आहेत. या तिन्ही शहरांपासून सारख्याच अंतरावर आपलं आदर्श घर बांधायचं झालं तर ते कुठे येईल? भूमितीने उत्तर दिलं ते उत्तर ध्रुवाच्या समुद्रात, चुक्ची पठाराच्या भागात. जिथे बर्फ आहे, पाणी आहे आणि शेजार नाही. सू या उत्तराने निराश झाले नाहीत. तिथे पूल कसा बांधावा, वाटेत जगण्यासाठी अंगावर कसला पोशाख लागेल, याची चित्रं आणि आराखडे त्यांनी अभियंते, शास्त्रज्ञांच्या मदतीने चालवले आहेत.

हा वेडेपणा आहे, हे त्यांनाही माहीत असणार. पण ज्यांची मुलं एका खंडात, आईवडिलांच्या तसबिरी दुसऱ्या गावात आणि स्वतःची खुर्ची तिसऱ्या ठिकाणी आहे, अशा माणसांची संख्या आपल्याकडेही आता थोडी नाही. सगळ्यांपासून सारखं अंतर साधायला गेलं की माणूस बर्फात जाऊन पोचतो, हे तो नकाशा मुकाट्याने सांगतो. म्हणून मग सू परत येतात ते सुई-दोऱ्याकडे. एक बटण, एक मूठ, एक बिजागरी. घर चालवायचं ते असंच, टाक्याटाक्याने.